काउंट बेसीचा वाद्यवृंद व त्याचीं ध्वनिमुद्रणें : साधनचिकित्सा (इ. स. १९२९-१९४०)

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या नेहमींच्या विषयांहून दूरचा आहे, हें आम्ही जाणतों. सनदा, महजर, तहनामे व पोथ्या यांच्या सहवासांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या वाचकांस अमेरिकेंतील नाचघरांत वाजविणाऱ्या एका वाद्यवृंदाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, विषय परका असला तरी साधनांचे प्रश्न परके नाहींत. अस्सल कोणतें व नक्कल कोणती, दिलेली तारीख टिकते कीं नाहीं, कर्ता कोण, पाठभेद किती, आणि खाजगी दप्तरांत काय कुजत पडलें आहे, हे सर्व प्रश्न येथें जसेच्या तसे उभे राहतात. शिवाय, ज्या वृंदाचा विचार करावयाचा त्याच्या उत्कर्षकाळांतील बरेंचसें संगीत कागदावर न लिहितांच रचलें गेलें. तेव्हां तबकडी हाच त्याचा मूळ लेख होय.

'स्विंग' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा भर इ. स. १९३५ ते १९४५ या दशकांतला. जाझच्या या शाखेंत बारा ते सोळा वादकांचा मोठा वृंद असे. ट्रम्पेट, ट्राँबोन व सॅक्सोफोन असे फुंकवाद्यांचे तीन ताफे, आणि त्यांच्या मागें पियानो, गिटार, बास व ढोल-झांजा यांचा तालविभाग. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, चिक वेब, जिमी लन्सफर्ड हीं या काळांतील मोठीं नांवें. बहुतेक वृंदांत रचनाकार स्वरलेखन करून प्रत्येक वादकापुढें कागद ठेवीत. बेसीचा वृंद आरंभीं या रीतीस अपवाद होता, आणि आमच्या जिज्ञासेचें कारणहि तेंच आहे.

विल्यम बेसी याचा जन्म न्यू जर्सींतील रेड बँक या गांवीं २१ ऑगस्ट १९०४ रोजीं झाला. नाटकमंडळीबरोबर पियानो वाजवीत हिंडतां हिंडतां तो कॅन्सस सिटीस पोंचला. १९२८ मध्यें वॉल्टर पेज याच्या 'ब्लू डेव्हिल्स' या वृंदांत व १९२९ मध्यें बेनी मोटन याच्या वृंदांत त्याचा प्रवेश झाला. ब्लू डेव्हिल्सचा दरारा त्या मुलखांत मोठा होता असें सर्व समकालीन वादक सांगतात. परंतु त्यांच्या नांवावर तबकडीच्या अवघ्या दोनच बाजू आहेत, त्या नोव्हेंबर १९२९ मधील, आणि तेव्हां बेसी त्यांच्यांत नव्हता. एका संपूर्ण घराण्याचा पुरावा सहा मिनिटांचा! मोटनच्या वृंदाची स्थिति बरी आहे. १३ डिसेंबर १९३२ रोजीं कॅम्डेन येथें व्हिक्टर कंपनीसाठीं त्यांनीं एका दिवसांत दहा बाजू मुद्रित केल्या. त्यांतील 'मोटन स्विंग' व 'टोबी' या ऐकल्या म्हणजे चार वर्षांनंतरच्या बेसीच्या वृंदाचा सांगाडा त्यांत स्पष्ट दिसतो. पेजचा बास सरळ चार मात्रा चालतो आहे, आणि ताफे एकमेकांस लहान लहान पालुपदांनीं उत्तरें देत आहेत.

२ एप्रिल १९३५ रोजीं मोटन गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावला, वृंद विस्कटला, आणि बेसीनें कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबांत नऊ वादकांचा स्वतंत्र संच उभा केला. या संचांतच ती पद्धति पक्की झाली जीस तिकडे 'हेड' रचना म्हणतात. कोणी एक पालुपद काढी, सॅक्सोफोनवाले तें उचलीत, ट्राँबोनवाले त्यास छेद देणारें दुसरें काढीत, ट्रम्पेटवाले तिसरें. जें जमलें तें ध्यानांत राही, न जमलें तें विसरलें जाई. वाचकांस येथें आमच्या वैदिकांची आठवण होईल. पण तुलना मर्यादेंतच करावी. घनपाठ्याच्या पाठांतराचा हेतु एक मात्राहि न बदलावी हा. येथें पाठांतर होतें तें रोज रात्रीं बदलतां यावें म्हणून. अशा परंपरेंत 'मूळ संहिता' शोधणें व्यर्थ होय. प्रत्येक प्रयोग ही एक स्वतंत्र प्रत समजावी, आणि एकाच प्रतीवरून ग्रंथाविषयीं निवाडा देऊं नये. दुर्दैवानें या वृंदाच्या इतिहासांत पुष्कळ काळ नेमकें तेंच झालें.

रीनो क्लबांतील वादन एका लहान नभोवाणीकेंद्रावरून प्रक्षेपित होत असे. १९३६ च्या आरंभीं जॉन हॅमंड हा धनिक व रसिक गृहस्थ शिकागोस होता. तेथें आपल्या मोटारींतील रेडिओवर त्यानें हें प्रक्षेपण ऐकलें आणि 'डाउन बीट' या नियतकालिकांत त्याविषयीं लिहिलें. पुढें हॅमंड स्वतः कॅन्सस सिटीस जाऊन करार करण्याच्या विचारांत असतांना डेक्का कंपनीचा डेव्ह कॅप आधींच पोंचला. करारनामा असा : वर्षास चोवीस बाजू, मोबदला वर्षाचा ७५० डॉलर, मुदत तीन वर्षें, विक्रीवर हिस्सा कांहीं नाहीं. हा मोबदला वादकसंघाच्या किमान दराहूनहि कमी असल्यामुळें हॅमंडनें पुढें संघाकडून त्यांत कांहीं सुधारणा करविली. परंतु हिश्श्याचें कलम नव्हतें तें नव्हतेंच. म्हणजे 'वन ओ'क्लॉक जम्प' ही जी रचना पुढें सर्व अमेरिकेंत गाजली, तिच्या डेक्का तबकडीच्या विक्रींतून वाजविणाऱ्याच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं. करारनामा वाचतां येणें व करारनामा समजणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आमच्याकडील गहाणखतें पाहिलेल्यांस सांगावयास नको.

या करारानेंच पहिला कालनिर्णयाचा प्रश्न उत्पन्न केला आहे. बेसी डेक्काशीं बांधला गेला असल्यामुळें त्याच्या नांवानें दुसऱ्या कंपनीस मुद्रण करतां येईना. तरी हॅमंडनें शिकागोंत पांच वादक व गायक जिमी रशिंग यांस एकत्र करून व्होकॅलियनसाठीं चार बाजू करविल्या, आणि ट्रम्पेटवाला कार्ल स्मिथ व ढोलवाला जो जोन्स यांच्या नांवांवरून वृंदाचें नांव 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड' असें ठेविलें. पियानोवर अर्थातच बेसी. लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाचें हें आयुष्यांतील पहिलें मुद्रण. तो तेव्हां सत्तावीस वर्षांचा होता, आणि इतक्या परिपक्व अवस्थेंत ज्याचा पहिला पुरावा मिळतो असा दुसरा मोठा वादक आम्हांस आठवत नाहीं. खोली लहान असल्यामुळें जोन्सला मोठा ढोल आणतां आला नाहीं असें सांगतात. ऐकतांना तो ढोल कानीं येत नाहीं हें खरें.

जुन्या सूचींत या मुद्रणाची तारीख ९ ऑक्टोबर १९३६ अशी दिलेली असे, व ती एका पुस्तकांतून दुसऱ्यांत निमूटपणें उतरत गेली. परंतु बेसीच्या वृंदानें कॅन्सस सिटी सोडली ती ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि शिकागोच्या ग्रँड टेरेस येथें त्यांचें वादन सुरू झालें तें नोव्हेंबरांत. जो मनुष्य ऑक्टोबरच्या नवव्या दिवशीं पांचशें मैलांवर रोज रात्रीं वाजवीत होता, तो त्याच दिवशीं शिकागोंत कसा असेल? तारीख ९ नोव्हेंबर १९३६ धरली म्हणजे सर्व जुळतें, आणि आतां तीच मान्य झाली आहे. महिन्याच्या फरकानें काय बिघडतें असें कोणी विचारील, तर बिघडतें तें असें कीं, ऑक्टोबर धरल्यास हें वादन रीनो क्लबाच्या काळांतलें ठरतें, आणि नोव्हेंबर धरल्यास तें शिकागोंतील मोठ्या वृंदाच्या काळांतलें ठरतें. रीनो क्लबाचा 'प्रत्यक्ष आवाज' म्हणून या चार बाजूंचें जें कौतुक झालें, त्यांतील कालाचा आधार अशा रीतीनें निखळतो. या चार बाजूंपैकीं 'शू शाइन बॉय'चीं दोन मुद्रणें उपलब्ध आहेत. दोहोंत यंगचें वादन आरंभापासून निराळें आहे. एकास शुद्ध पाठ व दुसऱ्यास अपपाठ म्हणण्याची येथें सोय नाहीं.

ग्रँड टेरेस येथें वृंदाची फजिती झाली. नऊंचे तेरा-चौदा वादक झालेले, आणि तेथील नृत्यप्रयोगासाठीं लिहिलेले कागद वाचून वाजविणें आवश्यक. त्या वेळीं फ्लेचर हेंडर्सन या ज्येष्ठ वृंदनायकानें आपल्या संग्रहांतील स्वरलिखितें बेसीस वापरण्यास दिलीं. स्वतःचें दप्तर प्रतिस्पर्ध्यास उघडून देणारा मनुष्य विरळा. तें त्यानें दिलें नसतें तर वृंद शिकागोंतच मोडला असता, असें बेसी पुढें कृतज्ञतेनें सांगत असे.

डेक्कासाठीं पहिलें मुद्रण २१ जानेवारी १९३७ रोजीं न्यूयॉर्क येथें झालें. मार्चमध्यें गिटारवादक फ्रेडी ग्रीन आला आणि बेसी, ग्रीन, पेज व जोन्स हा प्रसिद्ध तालविभाग पुरा झाला. यानंतर दोन वर्षें जें मुद्रित झालें त्याचा येथें सर्व तपशील देत नाहीं. 'टॉप्सी' (९ ऑगस्ट १९३७), 'एव्हरी टब' व 'स्विंगिंग द ब्लूज' (१६ फेब्रुवारी १९३८), 'ब्लू अँड सेंटिमेंटल' (६ जून १९३८) आणि 'जंपिन ॲट द वुडसाइड' (२२ ऑगस्ट १९३८) यांचा निर्देश पुरे. शेवटच्या नांवांतील वुडसाइड म्हणजे हार्लेममधील ज्या हॉटेलांत वादक उतरत व सराव करीत तें. स्थलनामांवरून इतिहास काढणाऱ्यांनीं तबकड्यांवरचीं नांवेंहि वाचावींत.

'वन ओ'क्लॉक जम्प' हिच्याविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण कर्तृत्वाचा प्रश्न तींत आहे. मुद्रण ७ जुलै १९३७ चें. चार मात्रांचा एक खंड, अशा बारा खंडांचें एक आवर्तन. तें पुनः पुनः येतें. आरंभीं बेसीचा पियानो. मग षड्ज बदलतो आणि हर्शेल एव्हन्सचा सॅक्सोफोन भरदार आवाजांत उठतो. त्यानंतर जॉर्ज हंटचा ट्राँबोन, मग यंगचा सॅक्सोफोन, मग बक क्लेटनचा ट्रम्पेट. एक आवर्तन तालविभागाचें. आणि शेवटीं सर्व ताफे आपापलीं पालुपदें एकमेकांवर रचीत जातात. नांवाची कथा अशी कीं, मूळचें नांव नभोवाणीवर उच्चारण्याजोगें नव्हतें, म्हणून निवेदकानें भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून नवें नांव ठेविलें. कथा चांगली आहे. परंतु ती सांगणारे स्थळाविषयीं एकमत नाहींत, आणि घड्याळाच्या कथा बखरींतल्या स्वप्नदृष्टांतासारख्या असतात. त्या लिहाव्या, त्यांवर विसंबूं नये. स्वामित्व बेसीच्या नांवें नोंदलेलें आहे. पण तीं पालुपदें आपण बसविलीं असें रीनो क्लबांतील त्याचा जुना सहकारी बस्टर स्मिथ सांगत असे, आणि रचनाकार एडी डरॅमहि आपला वांटा सांगे. शेवटचें मुख्य पालुपद तर त्याहून जुनें आहे. १९२९ सालीं मुद्रित झालेल्या 'सिक्स ऑर सेव्हन टाइम्स' या तबकडींत, डॉन रेडमनच्या रचनेंत, तें कोणासहि ऐकूं येईल. अशा वस्तूचा कर्ता एक धरणें हा नोंदणीकचेरीचा नियम आहे, इतिहासाचा नव्हे. मोठ्या ग्रंथांत पिढ्यानुपिढ्या क्षेपक मिसळत जावेत आणि शेवटीं मुखपृष्ठावर एकाच व्यासाचें नांव राहावें, तसाच हा प्रकार.

येथवर आम्हीं कंपन्यांनीं प्रसिद्ध केलेल्या मुद्रणांचाच विचार केला. दहा इंची तबकडींत सुमारें तीन मिनिटें मावत. अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस तीन मिनिटांत काय मावतें व काय बाहेर राहतें हें ठाऊक आहे. नाचघरांत बेसीचा वृंद एकच रचना कितीहि वेळ वाढवी. तबकडींत एकेका वादकाच्या वांट्यास एक आवर्तन, फार तर दोन. शिवाय कंपनीचे करार, विक्रीचा अंदाज व स्टुडिओंतील सोय यांनींहि निवड होई. म्हणून कंपनीची तबकडी ही दरबारांतून शिक्का होऊन बाहेर पडलेल्या पत्रासारखी समजावी. ती अस्सल खरी. पण दरबारांत काय बोलणें झालें तें तींत नसतें. तें पाहावयाचें तर रोजच्या अखबारांकडे वळावें लागतें. आणि येथें अखबार म्हणजे नभोवाणीवरील प्रक्षेपणांचीं त्या त्या वेळीं कोणी करून ठेवलेलीं मुद्रणें.

त्यांचें महत्त्व दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. फ्रेडी ग्रीनच्या पूर्वीं वृंदांत क्लॉड विल्यम्स हा गिटार वाजवी. डेक्काच्या जानेवारी १९३७ च्या बाजूंवरून त्याच्याविषयीं याहून अधिक कांहीं सांगतां येत नाहीं. परंतु फेब्रुवारी १९३७ मध्यें पिट्सबर्गच्या विल्यम पेन हॉटेलांतील 'चॅटरबॉक्स' येथून झालेल्या प्रक्षेपणांचीं मुद्रणें शिल्लक आहेत, आणि त्यांत हाच विल्यम्स व्हायोलिनवर स्वतंत्र वादन करतो. बेसीच्या वृंदांत व्हायोलिन! केवळ कंपनीच्या सूचीवरून इतिहास लिहिणाऱ्यास ही गोष्ट स्वप्नांतहि सुचली नसती.

दुसरें उदाहरण बिली हॉलिडे या गायिकेचें. मार्च १९३७ पासून १९३८ च्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळ जवळ एक वर्ष, ती या वृंदाबरोबर गावोगांव गात हिंडली. त्या युगांतील श्रेष्ठ गायिका आणि श्रेष्ठ तालविभाग रोज रात्रीं एका मंचावर. तरी दोघांचे करार निरनिराळ्या कंपन्यांशीं असल्यामुळें वृंदासह तिची एकहि तबकडी निघाली नाहीं. उरलीं आहेत तीन गाणीं : दोन ३० जून १९३७ रोजीं हार्लेमच्या सॅव्हॉय नृत्यगृहांतून प्रक्षेपित झालेलीं, आणि एक ३ नोव्हेंबर १९३७ रोजीं न्यू जर्सींतील मेडोब्रुक येथून. आवाज खरखरीत आहे. पण 'स्विंग, ब्रदर, स्विंग' या गाण्यांत ती तालाच्या किंचित् मागें राहून गाते आणि तालविभाग तिला तसूभरहि ओढीत नाहीं, हें त्या खरखरींतूनहि निर्विवाद ऐकूं येतें. पिट्सबर्ग, सॅव्हॉय व मेडोब्रुक येथील प्रक्षेपणें त्या वेळीं कोणी तबकडीवर धरलीं नसतीं, तर या दोन्ही गोष्टी म्हाताऱ्या वादकांच्या आठवणींपुरत्याच राहिल्या असत्या, आणि आठवणींस पुरावा कोण मागतो व कोण देतो!

प्रत्यक्ष प्रयोगाचें मुद्रण म्हटलें कीं तें अस्सलच, असें मात्र नव्हे. २३ डिसेंबर १९३८ रोजीं कार्नेगी सभागृहांत हॅमंडनें 'फ्रॉम स्पिरिच्युअल्स टु स्विंग' या नांवाचा मोठा जलसा केला. बेसीचा वृंद त्यांत होता. त्याचीं मुद्रणें व्हॅनगार्ड कंपनीनें १९५९ मध्यें प्रसिद्ध केलीं, आणि चाळीस वर्षें श्रोत्यांनीं तीं भक्तिभावानें ऐकलीं. पुढील चिकित्सेंत असें ठरलें कीं, त्यांतील कांहीं बाजू त्या जलशाच्या नव्हत्याच. ३ जून १९३८ रोजीं स्टुडिओंत केलेल्या मुद्रणांवर टाळ्यांचा आवाज मागाहून जोडला होता. हॅमंडचें निवेदनहि मागाहूनचें. १९९९ च्या आवृत्तींत हा गोंधळ निस्तरला गेला. वादन खरें, वादक खरे, शिक्काहि खरा. खोटा होता तो फक्त प्रसंग. खऱ्या शिक्क्याचा कागद दुसऱ्या दप्तरांत डकवून देण्याचा हा प्रकार ओळखण्यास सर्वांत कठीण असतो.

आतां या विषयांतील सर्वांत मोठ्या दप्तराकडे वळूं. विल्यम सॅव्हरी (जन्म १९१६) हा तरुण तंत्रज्ञ न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रणगृहांत नोकरीस असे. नभोवाणीचीं प्रक्षेपणें मुद्रित करणें हें तेथलें काम. कामाच्या ओघांत व रात्रीं उशिरां, स्वतःच्या आवडीनें, त्यानें १९३५ पासून १९४१ पर्यंत शेंकडों प्रक्षेपणें तबकड्यांवर धरलीं. त्यांतील बऱ्याच तबकड्या बारा व सोळा इंची, म्हणजे तीन मिनिटांचें बंधन नसलेल्या. कांहीं ॲल्युमिनियमच्या, कांहीं त्यावर लाखेसारख्या द्रव्याचा लेप दिलेल्या. बेनी गुडमनच्या प्रक्षेपणांचा कांहीं भाग १९५२ मध्यें कोलंबिया कंपनीकडून प्रसिद्ध झाला. बाकीचें सर्व त्यानें पेट्यांत घालून ठेविलें. लॉरेन शोनबर्ग हा अभ्यासक १९८० च्या सुमारास त्यास भेटला व वर्षानुवर्षें विनवीत राहिला; सॅव्हरीनें त्यास तबकड्या ऐकविल्या नाहींत. सॅव्हरी २००४ मध्यें वारला, आणि २०१० मध्यें त्याच्या वारसाकडून तो संग्रह हार्लेमच्या राष्ट्रीय जाझ संग्रहालयाकडे आला. सुमारें ९७५ तबकड्या, शंभराहून अधिक तासांचें संगीत. सुमारें चतुर्थांश उत्तम स्थितींत. अर्ध्या बिघडलेल्या पण खटपटीनें वांचणाऱ्या. आणि चतुर्थांश फारच वाईट.

संग्राहक वाचकांस या आंकड्यांचा अर्थ सांगावयास नको. सॅव्हरीविषयीं आमचें मत दुहेरी आहे आणि तें तसेंच मांडतों. त्यानें तें धरलें नसतें तर तें नव्हतेंच. तें त्याचें पुण्य कोणीहि हिरावूं शकत नाहीं. परंतु लेपाची तबकडी ताडपत्र नव्हे. धातूवरचा लेप कालांतरानें आकसतो, त्यास तडे जातात, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि सुटलेला पापुद्रा म्हणजे गेलेला आवाज. तो कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहीं. १९८० मध्यें या तबकड्या आणखी तीस वर्षें तरुण होत्या. जें त्या मुदतींत गेलें तें कोणाच्या हातून गेलें, याचें उत्तर एकच आहे.

जें वांचलें त्यांत बेसीच्या वृंदाचा वांटा मोठा आहे. २९ मे १९३८ रोजीं रँडल्स आयलंड येथें पंचवीसएक वृंद व सुमारें पंचवीस हजार श्रोते यांचा जो उघड्यावरील मेळा झाला, त्यांतील बेसीचें वादन त्यांत आहे. आणि त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावरील 'फेमस डोअर' या अरुंद क्लबांतून झालेल्या प्रक्षेपणांपैकींहि कांहीं आहेत. हा क्लब इतका लहान कीं, वादक व श्रोते यांत अंतर असें राहत नसे. उन्हाळ्यांत खोली थंड ठेवण्याचें यंत्र बसविण्यास वृंदाच्या मध्यस्थांनीं मालकास २,५०० डॉलर दिले, तेव्हां कोठें त्यानें बेसीस बोलाविलें. एकंदरींत पाहतां, इतिहासाच्या दृष्टीनें तें यंत्र फार स्वस्त पडलें असें म्हटलें पाहिजे. कारण त्या खोलींतून राष्ट्रीय नभोवाणीवर गेलेल्या प्रक्षेपणांनींच बेसीचें नांव देशभर झालें.

या नव्या साधनांनीं ज्याच्याविषयींचा निवाडा सर्वांत अधिक बदलावा लागतो, तो हर्शेल एव्हन्स होय. यंग व एव्हन्स हे दोघे सॅक्सोफोनवाले ताफ्याच्या दोन टोकांस बसत. एकाचा स्वर हलका व सरळ, दुसऱ्याचा रुंद व कंपयुक्त. डेक्काच्या तबकड्यांत 'ब्लू अँड सेंटिमेंटल' सोडल्यास एव्हन्सला लांब पल्ल्याची संधि क्वचितच मिळाली, आणि पुढें यंगचें अनुकरण शेंकडोंनीं केल्यामुळें एव्हन्स हा त्याचा केवळ प्रतिस्पर्धी म्हणून ग्रंथांतून उरला. १९३८ च्या प्रक्षेपणांत मात्र श्रोत्यांपुढील दोघांचें वादन ऐकावयास मिळतें, आणि तेथें एव्हन्स कोणाचा दुय्यम वाटत नाहीं. ९ फेब्रुवारी १९३९ रोजीं, तिशीच्या आंत, तो हृदयविकारानें वारला. त्याच महिन्यांत डेक्काचा करार संपला. मार्चपासून वृंद दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि डिसेंबर १९४० मध्यें यंगनेंहि वृंद सोडला. बेसीनें १९५० मध्यें मोठा वृंद मोडला, १९५२ मध्यें पुनः उभारला व २६ एप्रिल १९८४ रोजीं मृत्यु येईपर्यंत चालविला. परंतु तो नवा वृंद लिहिलेल्या कागदांवर चालणारा होता, व त्याचीं साधनें विपुल आहेत.

सॅव्हरीच्या संग्रहांतील निवडक भाग २०१६ पासून क्रमाक्रमानें प्रसिद्ध झाला, व २०१८ मध्यें तो सहा तबकड्यांच्या संचांत एकत्र निघाला. शंभराहून अधिक तासांपैकीं हा अल्पच अंश होय. ज्यांस एव्हन्सच्या वादनाची समग्र सूची करावयाची असेल, त्यांनीं प्रसिद्ध संचावर न थांबतां संग्रहालयांतील मूळ तबकड्यांपासून आरंभ करावा.